गोव्यात पहिल्यांदा प्यायला बसताय? बाटलीवरचा आकडा, पेगचा हिशोब आणि घरी परतायची सोय

गोव्यात दारू स्वस्त, दुकानं हाकेच्या अंतरावर, आणि काजूच्या रसापासून होणारी फेणी-हुर्राकसारखी चीज दुसरीकडे सहसा मिळत नाही. त्यामुळे नोकरीसाठी नव्याने आलेला माणूस असो की चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली मित्रमंडळी, गावी कधी केले नसते ते प्रयोग इथे होतात. मी मूळचा सावंतवाडीकडचा. कामासाठी गोव्यात आलो, म्हापशाला एका बारच्या काउंटरमागे बरीच वर्षं काढली आणि आता डिचोलीच्या बाजूला पाहुण्यांना खोल्या देतो. पाहुणे बहुतेक मराठी, आणि प्रश्नही ठरलेले. हुर्राक म्हणजे साधं सरबतच ना? दोन बिअरवर स्कूटर चालवली तर चालते का? लिंबूपाणी प्यायल्यावर उतरते का? फेणी घरी नेता येते का?

त्याची उत्तरं इथे क्रमाने देतो. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सरळ सांगितलं की तब्येतीला अजिबात धोका नाही असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. त्यामुळे या लेखात ‘सुरक्षित’ शब्द आला तर त्याचा अर्थ ‘कमी धोक्याचं’ एवढाच घ्या. जो पीत नाही त्याला हे वाचून सुरू करण्याचं काही कारण नाही.

जवळ काय ठेवायचं

- वयाचा पुरावा. गोव्यात दारूसाठी वय २१ पूर्ण लागतं. आधार किंवा लायसन्स, मूळ कार्ड असलेलं बरं.
- राहत्या जागेचा पत्ता आणि मालकाचा नंबर, कागदावर लिहून. मोबाईलची बॅटरी नेमकी रात्रीच संपते.
- परतीच्या टॅक्सीपुरते रोख पैसे, वेगळ्या खिशात.
- चालू असलेल्या औषधांची नावं.
- खोलीवर बसणार असाल तर पेग मोजायचं माप. एका तोंडाला ३० मिली, दुसऱ्याला ६० मिली असं दुतोंडी माप भांड्यांच्या दुकानात मिळतं.
- ओआरएसची दोन-चार पाकिटं.

## १. आधी बाटली वाचा

लेबलवर बारीक अक्षरात अल्कोहोलची टक्केवारी छापलेली असते. १०० मिली दारूत किती मिली शुद्ध अल्कोहोल आहे, ते हा आकडा सांगतो. आपल्याकडे तयार होणाऱ्या व्हिस्की, रम, व्होडका, जिन या बहुतेक ४२.८ टक्क्यांच्या असतात. त्याच बाटलीवर कधी ‘७५ डिग्री प्रूफ’ किंवा ‘२५ यूपी’ असंही लिहिलेलं दिसतं. ती जुनी ब्रिटिश मोजणी, तिचा अर्थही ४२.८ टक्केच. ७५ वाचून दचकू नका आणि २५ वाचून निर्धास्तही होऊ नका.

बिअरमध्ये मात्र लोक हमखास फसतात. माइल्ड बिअर ५ टक्क्यांपर्यंत, स्ट्राँग त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत. दोन्ही बाटल्या तेवढ्याच उंचीच्या, किमतीतही फार फरक नाही आणि थंडगार असली की चवही फारशी वेगळी लागत नाही. काउंटरवर ‘बिअर दे’ एवढंच म्हणालात तर हातात कुठली पडेल सांगता येत नाही. बहुतेक वेळा स्ट्राँगच, कारण खप तिचा. ‘माइल्ड’ हा शब्द तोंडाने उच्चारायची सवय लावा.

वाईन साधारण ११ ते १४ टक्के. ब्रीझरसारखी गोड पेयं ४.८ टक्क्यांच्या आसपास. ती गोड असतात म्हणून लहान भावंडांच्या हातात देणारे महाभाग मी पाहिले आहेत. २७५ मिलीच्या एका बाटलीत व्हिस्कीच्या ३० मिलीच्या स्मॉल पेगइतकंच अल्कोहोल असतं.

## २. ग्लास मोजू नका, ग्रॅम मोजा

‘मी तीनच घेतले’ या वाक्याला काही अर्थ नाही. तीन काय? मापाने ओतलेले की अंदाजाने? म्हणून एक सोपं गणित पाठ करा:

मिली × टक्केवारी ÷ १०० × ०.८ = अल्कोहोलचे ग्रॅम

(अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ०.८ ने गुणायचं.) १० ग्रॅमला एक ‘प्रमाणित ड्रिंक’ धरतात. आता नेहमीच्या गोष्टी या मापात बसवू:

- स्मॉल पेग, ३० मिली, ४२.८ टक्के: साधारण १० ग्रॅम, म्हणजे एक ड्रिंक.
- लार्ज पेग, ६० मिली: २० ग्रॅम, दोन ड्रिंक.
- माइल्ड बिअरची छोटी बाटली, ३३० मिली, ५ टक्के: १३ ग्रॅम.
- माइल्ड बिअरची मोठी बाटली, ६५० मिली: २६ ग्रॅम.
- स्ट्राँग बिअरची मोठी बाटली, ६५० मिली, ८ टक्के: ४१ ग्रॅमच्या वर. म्हणजे चार स्मॉल पेग!
- वाईनचा एक ग्लास, १५० मिली, १३ टक्के: १५-१६ ग्रॅम.
- क्वार्टर, १८० मिली: ६१ ग्रॅम, सहा ड्रिंक.

‘मी हार्ड पीत नाही, फक्त बिअर’ म्हणणाऱ्या आणि दोन स्ट्राँग रिचवणाऱ्या माणसाच्या पोटात क्वार्टरहून जास्त अल्कोहोल गेलेलं असतं. हे गणित मी काउंटरवर कितीतरी जणांना बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून दाखवलं. पटतं सगळ्यांना, आवडत कोणालाच नाही.

कॉकटेलचा हिशोब आणखी अवघड. लाँग आयलंड आइस टी या नावात चहा आहे, ग्लासात नाही. त्यात व्होडका, जिन, रम, टकिला आणि संत्र्याची लिकर अशा पाच गोष्टी असतात. पुस्तकी मापानेही एका ग्लासात दोन ड्रिंकच्या वर जातं, आणि शॅकवर (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात) पाहुण्याला खूश करायला हात सैल सोडला की तीन-साडेतीन. दिसायला कोला, लागायला सरबत. पहिलीच वेळ असेल तर मागवू नका.

आता उतरण्याचा वेग. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं, म्हणजे एका स्मॉलला एक तास किंवा थोडा जास्तच. हा वेग वाढवायची कुठलीच युक्ती नाही. काळी कॉफी घेतली तर डोळे उघडे राहतात, नशा तशीच राहते. थंड पाण्याने आंघोळ, लिंबू, ताक, ओकारी काढणं, समुद्राचा वारा, हे सगळं करून पाहणारे लोक मी पाहिले. रक्तातलं अल्कोहोल वेळेनेच उतरतं.

रक्तात किती चढतं ते वजनाप्रमाणे आणि शरीराप्रमाणे बदलतं. बायकांच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच पेगने त्यांच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं. ‘तो पिऊ शकतो तर मी का नाही’ ही स्पर्धा शरीराला कळत नाही. ज्याला ‘चढतच नाही’ त्याचंही तेच: सवयीने जीभ अडखळायची थांबते, यकृतावरचा भार कमी होत नाही.

## ३. फेणी आणि हुर्राक: इथे सावकाश वाचा

बाहेरून आलेल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

काजूच्या हंगामात, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून मे महिन्यापर्यंत, सत्तरी, डिचोली, काणकोण या भागात फिरलात तर भट्टीचा वास लांबूनच येतो. झाडावरून आपोआप गळून पडलेली बोंडं गोळा करतात, बी वेगळी करतात आणि बोंडं तुडवून किंवा यंत्रात घालून रस काढतात. उरलेल्या गराचा गोळा करून त्यावर दगड ठेवला की थेंबथेंब निथळणारा स्वच्छ रस तो नीरो. ताजा नीरो प्यायला झकास, त्यात नशा नाही. पण काजूचा रस उन्हाच्या दिवसांत लगेच आंबायला लागतो, त्यामुळे सकाळचा ताजाच प्या. बाटलीत भरून दुपारभर गाडीच्या डिकीत ठेवलेला नीरो हा नीरो राहत नाही.

रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या धारेची जी निघते ती हुर्राक. साधारण १५ टक्क्यांची, पण भट्टीवाल्याने कधी थांबवलं त्याप्रमाणे हे प्रमाण खाली-वर होतं. हुर्राक पुन्हा भट्टीत घालून गाळली की फेणी, ४२ ते ४५ टक्क्यांची. नावं जुळी भावंडांसारखी एकत्र घेतली जातात, ताकद मात्र जवळजवळ तिप्पट. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ‘सूर’ म्हणजे माडाच्या माडीपासून होते ती माडाची फेणी, दक्षिण गोव्यात जास्त. तिचा वास सौम्य, म्हणून ती हलकी असेल असं वाटतं. तसं नाही. लेबल बघा.

पहिला सापळा हुर्राकच्या मापाचा. बहुतेक ठिकाणी ती पाण्याच्या जुन्या बाटलीतून येते, लेबल नसतं. उंच ग्लासात ओततात, वर लिंबाचा सोडा किंवा लिम्का, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची टाकतात. ती मिरची ग्लासात बर्फाला टेकून तरंगत असते, आणि दुपारी दोनच्या उन्हात तो ग्लास समोर आला की कोणालाही सरबतच वाटेल. ग्लासात १०० मिली हुर्राक असेल तर १२ ग्रॅम अल्कोहोल गेलं, म्हणजे एका स्मॉलपेक्षा जास्त. गोड सोड्यामुळे घोट मोठे जातात, फसफसणाऱ्या पेयामुळे अल्कोहोल रक्तात लवकर उतरतं, आणि ऊन आधीच अंगातलं पाणी खेचत असतं. चार ग्लास कधी झाले ते उठून उभं राहिल्यावर कळतं. नवख्यांनी हुर्राक जेवणासोबत घ्यावी, दोन ग्लासांवर थांबावं आणि ती दुपार दुसऱ्या कुठल्या कामासाठी ठेवू नये.

दुसरा सापळा: जुने भट्टीवाले फेणीची ताकद ‘ग्राव’मध्ये सांगतात. कोणी म्हणालं ‘अठरा ग्रावची आहे’, तर ती १८ टक्के समजू नका. ग्राव हे वेगळंच माप आहे. अठरा-वीस ग्रावची फेणी टक्क्यांत चाळिशीच्या पुढे असते.

तिसरा: फेणीचा वास उग्र, म्हणून नवखे नाक दाबून एका दमात घेतात. असं करू नका. ३० मिली मापून घ्या, ग्लासभर लिंबूसोडा किंवा टॉनिक वॉटर घाला, मीठ टाका, हळूहळू प्या. फेणीची चव आवडायला वेळ लागतो, आणि नाही आवडली तर ग्लास बाजूला ठेवा. गोव्यात येऊन फेणी प्यायलीच पाहिजे असा काही दंडक नाही.

आता सर्दीवर फेणी. थोडी फेणी चोळली, थोडी पोटात घेतली की पडसं पळतं असं घरोघरी सांगतात. ऊब वाटते हे खरं, कारण कातडीकडे रक्त जास्त धावतं. औषध म्हणून लहान मुलांना चमचाभरही देऊ नका. त्यांच्या रक्तातली साखर त्याने झटकन खाली जाऊ शकते.

## ४. बसण्याआधी: पोट आणि गोळ्या

उपाशी पोटी पिऊ नका, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी ‘आधी दोन घेऊ मग जेवू’ असंच होतं. पोटात भात-मासळी, आमलेट-पाव काहीही असेल तर अल्कोहोल रक्तात सावकाश जातं. नंतर जेवून तो फायदा मिळत नाही. आणि चखणा म्हणजे जेवण नव्हे. खारे शेंगदाणे तहान वाढवतात, तहान लागली की पुढचा घोट दारूचाच जातो.

गोळ्यांबद्दल मात्र जरा थांबून वाचा. घाटातून येताना गाडी लागते म्हणून आपल्याकडे बरेच जण ॲव्होमिन घेऊन आंबोली किंवा चोर्ला उतरतात. ती गुंगी आणणारी गोळी आहे. तिच्यावर संध्याकाळी दोन पेग घेतले की चार घेतल्यासारखा माणूस पेंगतो. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांचंही तेच. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं की केमिस्ट अनेकदा मेट्रोनिडाझोल असलेली गोळी देतो. ती चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, जोराच्या उलट्या असा त्रास होऊ शकतो. कोर्स संपल्यावरही तीन दिवस थांबा. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांवर दारू ही सगळ्यात धोक्याची जोडी, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर पिण्यानंतर काही तासांनी, बहुधा झोपेत, घसरू शकते. घाम, बरळणं, तोल जाणं ही लक्षणं दारू चढल्यासारखीच दिसतात आणि सोबतचे म्हणतात ‘झोपू दे त्याला’. टेबलावर एकाला तरी माहीत असू द्या की तुम्हाला शुगर आहे.

गरोदरपणात अजिबात नाही. यकृताचा आजार, फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

## ५. बसल्यावर

तासाला एक ड्रिंक, मध्ये एक ग्लास पाणी. नियम एवढाच. पण टेबलावर तो टिकवायचा असेल तर दोन-तीन गोष्टी करा.

आपला ग्लास आपणच भरा. अर्ध्या ग्लासात मित्र वरून ओततो तेव्हा मोजणी संपते. ‘ग्लास रिकामा कसा’ म्हणून आग्रह करणारा एक जण प्रत्येक टेबलावर असतोच. त्याला ‘पुढच्या राऊंडला’ म्हणावं, भांडू नये. चालत असेल तर सोडा-लिंबाचा ग्लास हातात ठेवावा. हातात काहीतरी असलं की आग्रह होत नाही.

बिअरवर व्हिस्की घेतली तर त्रास होतो की व्हिस्कीवर बिअर घेतली तर, यावर रात्र-रात्र वाद चालतात. क्रमाला महत्त्व नाही, एकूण ग्रॅम महत्त्वाचे. मिसळल्याने त्रास होतो कारण मोजणी चुकते. एनर्जी ड्रिंकमध्ये घालून घेणं मात्र खरंच टाळा. कॅफिनमुळे शुद्धीत असल्यासारखं वाटतं आणि माणूस आणखी पीत राहतो.

आणि हो, दुकानातून बाटली घेऊन थेट किनाऱ्यावर किंवा रस्त्याकडेला बसू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर पिणं आणि बाटल्या फोडणं यावर बंदी आहे, दंड हजारांत होतो. परवाना असलेल्या शॅकच्या खुर्चीत बसा.

## ६. गाडीची किल्ली

भाड्याची स्कूटर आणि गोव्याचे अरुंद, वळणांचे, रात्री अंधारे रस्ते, त्यात गुरं रस्त्यावर बसलेली. इथे धडपडलेले पाहुणे मी फार पाहिले.

कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, स्कूटरलाही तेवढंच लागू. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती पेग? कागदावरचा हिशोब असा: ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात एका स्मॉलने साधारण २० मिलिग्रॅम चढतं, दोनने ४०. ५५ किलोच्या बाईच्या रक्तात एकाच स्मॉलने ३० च्या वर. एका मोठ्या स्ट्राँग बिअरने ७० किलोचा माणूस ८० च्या पुढे जातो, आणि ताशी साधारण १५ ने उतरत ३० वर यायला त्याला साडेतीन तासांहून जास्त लागतात. पोट, वजन, सवय यांनी आकडे हलतात, म्हणून ‘एक घेतली तर चालतं’ असा नियम बनवूच नका. ज्या दिवशी प्यायचं त्या दिवशी किल्ली खोलीत ठेवायची.

सकाळचा सापळा तर कोणाच्या गावीही नसतो. रात्री नऊ ते एक या वेळात नऊ स्मॉल घेणारा ७० किलोचा माणूस एक वाजता १३० च्या आसपास असतो. झोपला, सात वाजता उठला, चहा घेतला, फ्रेश वाटतंय. रक्तात अजून ४० च्या वर आहे. सकाळी लवकर कोल्हापूर-पुण्याकडे निघणाऱ्यांनी आदल्या रात्रीचा हात आवरता घ्यावा किंवा जेवून दुपारी निघावं.

परतायची सोय बसण्याआधी करा. कदंबची आणि खाजगी बस संध्याकाळनंतर झपाट्याने कमी होते. गोवामाईल्सचं टॅक्सीचं ॲप आधीच फोनमध्ये घ्या. आतल्या गावांत रात्री उशिरा गाडी मिळेलच असं नाही, म्हणून येतानाच टॅक्सीवाल्याशी परतीची वेळ आणि भाडं ठरवून घ्या. ‘एक जण पिणार नाही’ असं ठरवलं असेल तर त्याने खरंच घोटभरही घेऊ नये, आणि त्याचं जेवण बाकीच्यांनी द्यावं. आमच्याकडे हा रिवाज चांगला चालतो.

## ७. पिऊन पाण्यात उतरू नका

किनाऱ्यावर ‘दृष्टी’चे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी, नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. प्यायलेल्या माणसाला अंतर, खोली आणि थंडी यांचा अंदाज येत नाही आणि दम लवकर सुटतो. गुडघाभर पाण्यातही परतणारी लाट पाय ओढते. सूर्य मावळल्यावर तर नकोच, आणि जून ते सप्टेंबर समुद्राकडे लांबूनच बघावं. ओढे, धबधबे, चिऱ्याच्या बंद खाणीत साचलेलं हिरवं पाणी या ठिकाणी तर कोणी जीवरक्षकही नसतो.

## ८. कोणी आडवा झाला तर

हाका मारून, खांदा हलवून, कानाची पाळी चिमटून उठत असेल, बोलत असेल, तर कुशीवर निजवा. खालचा हात पुढे, वरचा गुडघा वाकवून जमिनीला टेकलेला, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. पाठीवर झोपवलेला माणूस स्वतःच्या उलटीने गुदमरू शकतो. एकटं सोडू नका, आळीपाळीने जागे राहा. शेवटचा पेग पोटातून रक्तात जायला वेळ लागतो, त्यामुळे झोपल्यावरही नशा वाढत राहते.

पुढचं काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा, नाहीतर ११२:

- कितीही केलं तरी उठत नाही
- श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा मध्येच थांबतो
- ओठ, नखं निळसर. अंग गार आणि चिकट
- फिट आली, किंवा डोक्याला मार लागलाय
- शुद्ध नसताना उलट्या

जबरदस्तीने ओकायला लावू नका, तोंडात कॉफी-लिंबूपाणी ओतू नका, शॉवरखाली धरू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत किती आणि काय घेतलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते आठवून ठेवा, बाटली सोबत घ्या. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं चोवीस तास चालू असतात. ‘पोलीस विचारतील’ या भीतीने उशीर करणारे मित्र हा मी पाहिलेला सगळ्यात वाईट प्रकार. डॉक्टरला माणूस वाचवायचा असतो, तुमची चौकशी करायला त्याला वेळ नसतो.

## ९. बिनलेबलाची बाटली

मिथेनॉल ही वेगळी आणि जीवघेणी गोष्ट. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती यानेच. वास आणि चव नेहमीच्या दारूसारखीच. काडी लावून निळी ज्योत बघणं किंवा हलवून फेस बघणं यातून मिथेनॉल ओळखता येत नाही. फेसावरून भट्टीवाल्याला फार तर ताकदीचा अंदाज येतो.

म्हणून फेणी परवाना असलेल्या दुकानातून, सीलबंद, लेबलची घ्या. हुर्राक बहुतेक सुटीच मिळते. ती ओळखीच्या, गावात पिढ्यान् पिढ्या भट्टी असलेल्या माणसाकडून किंवा तिथली हुर्राक ठेवणाऱ्या परवानाधारक बारमधून घ्या. रस्त्यात कोणी गाडीच्या डिकीतून विकत असेल तर नको म्हणा. मिथेनॉलची लक्षणं बारा ते चोवीस तासांनी दिसू शकतात: धूसर दिसणं, डोळ्यांपुढे पांढरं धुकं, पोटात कळा, धाप. हँगओव्हर समजून झोपू नका, थेट इस्पितळ गाठा. उतारा आहे, पण वेळेत द्यावा लागतो.

## १०. दुसऱ्या दिवशी

पाणी, ओआरएस, पेज किंवा मऊ भात, झोप. डोकेदुखीवर पॅरासिटामॉल घेण्याआधी यकृताचा विचार करा. रात्री खूप झाली असेल तर दुपारपर्यंत थांबलेलं बरं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रिकाम्या, चिडलेल्या पोटाला आणखी त्रास देतात. सकाळी पुन्हा एक घेऊन बरं वाटतं, कारण त्रास पुढे ढकलला जातो.

रोज भरपूर पिणारा कोणी एकदम बंद करू पाहत असेल तर त्याला एकटं सोडू नका. हातांना कंप, घाम, झोप उडणं इथून सुरू होऊन फिट आणि भ्रमापर्यंत जाऊ शकतं, बहुधा पहिल्या तीन दिवसांत. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं. बांबोळीला मनोरुग्णांची सरकारी संस्था आहे, तिथे व्यसनावर उपचार होतात. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर मराठीतही चालतो.

## ११. बाटली घरी नेताना

गोव्यातल्या बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ अशा अर्थाचा शिक्का असतो. महाराष्ट्रात तीच बाटली परवान्याशिवाय नेणं हा गुन्हा. बांद्याजवळ इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे, आंबोली आणि दोडामार्गाच्या बाजूलाही तपासणी होते. माल जातो, गाडी जप्त होऊ शकते. ‘दोन बाटल्यांना कोण विचारतंय’ असं सांगणारा दुकानदार तुमच्यासोबत नाक्यावर येत नाही. न्यायचीच असेल तर आधी गोव्याच्या अबकारी खात्याच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करा, आणि आपल्या राज्यात काय लागतं तेही पाहा.

दाबोळी किंवा मोपाहून विमानाने जाणार असाल तर २४ ते ७० टक्क्यांची दारू चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते, पण कंपनीच्या सीलबंद पॅकिंगमध्ये. पाण्याच्या बाटलीत भरलेली हुर्राक यात बसत नाही. आणि उतरल्यावर त्या राज्याचा कायदा लागू होतो, विमानतळावर सोडली म्हणून घरापर्यंत चालते असं नाही. बिल फाडू नका, बाटलीसोबतच ठेवा.